खर्ज शाबूत आहे

बूथचं दार लावताना मी सांगितलं,
आवाज आला की बटण दाबा.
आर्वो टुओमेला म्हणाला, कसला आवाज?
सोलो, की साथ?

वय एकाहत्तर. डुलूथच्या खनिज-धक्क्यावर चौतीस वर्षं.
कानाला काहीतरी लावत जा, हे त्याला
सुपरवायझरनं सांगितलं होतं, बायकोनंही.
दोघांकडे त्यानं कानाडोळा केला
आणि दर शुक्रवारी रात्री स्पीकरच्या पुढ्यात उभा राहिला
चौऱ्याहत्तर सालापासून, छातीवर हात ठेवून.
"बेस कानांनी ऐकायचा नसतो, पोरी.
बरगड्यांनी."

हजार हर्ट्झ. बटण.
दोन हजार. उशिरा बटण.
चार हजार.
काही नाही.
काचेपलीकडे त्याचे ओठ मात्र चालूच
आणि माझ्या हेडफोनमध्ये त्याची मतं:

की गिटार हल्ली सगळ्यांना येते, थांबणं कुणाला येत नाही.
की ऐंशीनंतर ड्रमचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा झाला
आणि त्याच सुमाराला युनियनचाही.
की परवा कॅसिनोत तो जुना बँड येऊन गेला, तिकीट एकशे साठ डॉलर,
मूळचा म्हणावा असा एकच उरलाय, तोही बेसवाला,
बाकी भाड्याची माणसं, नाव तेवढं तेच,
नावाचं वळणदार अक्षरही तेच.
"पक्षांचं काय वेगळं झालंय? सांग ना.
बोर्ड तोच. आत कोण वाजवतंय?"

पेशंटशी मी निवडणुकीबद्दल बोलत नाही.
सहा हजारचा सूर लावला.
तो त्याच्यापर्यंत पोचला नाही.

"आयात कर लावा म्हणणारे आणि लावू नका म्हणणारे,
दोघंही आमच्या धक्क्यावर येऊन हेल्मेट घालून फोटो काढून गेले.
हेल्मेट दोघांनाही मोठं होत होतं."
हसला. खोकला. मग युद्धाकडे वळला.
कुठल्या, मी विचारलं नाही. जे चालू असेल त्या.
"आमच्या वेळी युद्धाविरुद्ध गाणी होती.
घसा फुटेस्तोवर म्हटली आम्ही, आणि युद्ध थांबलं
तेव्हा वाटलं, आपल्या ओरडण्यानं थांबलं.
माझा भाऊ वेइक्को म्हणायचा, पैसे संपले म्हणून थांबलं.
तो तिथे होता. मी नव्हतो.
मी स्पीकरपुढे होतो."

इथे त्यानं बटण दाबलं.
सूर कुठलाच चालू नव्हता.

मी आलेख दाखवला. अर्ध्यापर्यंत सपाट, पुढे एकदम कोसळलेला,
जशी आमची लेक अव्हेन्यू तळ्याकडे कोसळते.
झांजा गेल्या, मी म्हटलं. स, श, फ गेले.
नातीचं निम्मं बोलणं. पाखरं.
"आणि जहाजाचा भोंगा?"
खर्ज शाबूत आहे.
"मग गेलं काय?" म्हणाला, आणि तरी
टोपी काढून कान पुढे केला.

यंत्रं चालू झाली तेव्हा पहिल्यांदा दचकला
तो स्वतःच्याच जॅकेटला.
बाही हलवून पाहिली, पुन्हा हलवली.
"हे एवढं बोलतं?"
मग काउंटरवरचा रेडिओ. कुठल्याशा शहरातला
मृतांचा आकडा, कालच्यापेक्षा वाढलेला.
निवेदिकेचा स अगदी स्वच्छ होता.
तो ऐकत राहिला. टोपी हातातच.
कमी करू का आवाज?

"नको. वीस-वीस मिनिटांचे ड्रम सोलो
जागचं न हलता ऐकलेत मी.
बिअर आणायलाही गेलो नाही."

मग हप्त्यांची चौकशी केली,
बॅटरीच्या किमतीला फिनिशमध्ये शिवी घातली,
दार उघडून पायरीवर थांबला.
खाली पुलापाशी जहाजानं भोंगा दिला,
पुलानं उत्तर दिलं.
"पातळ वाटतोय," माझ्याकडे वळून म्हणाला,
"वरचं फार उचलतात ही. मिक्सिंग नीट कर, पोरी.
मंगळवारी येतो."